चूक पाहिलेलं माणूस

"हात जरासा वर करा, भाऊ," म्हणत फकीर मास्तरांनी चुनीलालभाऊंच्या पोटाभोवती टेप फिरवली आणि आलेला आकडा मनातच ठेवला. गिऱ्हाइकाचं सुटलेलं पोट मोठ्याने वाचून दाखवायचं नसतं, एवढं शहाणपण टेलरला हवंच. त्यात आज भाऊंची मर्जी सांभाळायची होती. जॅकेटचं माप हे नुसतं निमित्त. शहाद्याहून भर उन्हात मास्तर लेकीला घेऊन तापीकाठच्या या गावी आले होते ते शिफारसपत्रासाठी.

लेक म्हणजे आफशीन. ती ओट्याच्या कडेला अंग चोरून बसली होती. नीटमध्ये तिला मार्क चांगले पडले होते, पण मेडिकलच्या फीसाठी कॉलेजची शिष्यवृत्ती हवी होती आणि त्या अर्जासोबत कॉलेज दोन शिफारसपत्रं मागत होतं. एक बायोलॉजीच्या मॅडमनी दिलं होतं. दुसरं घराबाहेरच्या, तिला जवळून ओळखणाऱ्या माणसाचं हवं होतं. अब्बांच्या लेखी असा माणूस म्हणजे ज्याच्या नावाचे कागद छापलेले असतात तो. चुनीलालभाऊ साखर कारखान्याचे संचालक होते, म्हणजे प्रश्नच मिटला.

"हाई काय मोठं काम शे?" भाऊ खूश होऊन म्हणाले. "मास्तर, तुमनी आंडेर ती मन्ही बी लेकच. सांगा, काय लिखू?"

"लिखा, पोर हुशार शे, मेहनती शे, चांगला घरनी शे."

आफशीनला कानकोंडं झालं. भाऊंनी तिला दुकानात काजं-बटणं करताना ओझरतं पाहिलं असेल, तेवढीच काय ती ओळख.

"भाऊ," ती हळूच म्हणाली, "त्यासना एक सवाल बी शे. त्याना जवाब देना पडी." तिने मोबाइलवरून वाचून दाखवलं. अर्जदाराच्या हातून झालेली एखादी चूक तुम्ही पाहिली आहे का? तेव्हा ती कशी वागली?

भाऊ खो खो हसत सुटले. "शिफारसमा चूक लिखतस का कोनी?"

"मन्ही पोरनी आजपावत एक चूक करी नही," मास्तर ठासून म्हणाले. "तसंच लिखा."

भाऊंच्या पत्नी रंजनाबाई चहा आणि भाऊंच्या नावाचा छापील कागद घेऊन बाहेर आल्या. त्यांनी सगळं ऐकलेलं दिसत होतं. त्यांची नि आफशीनची नजरानजर झाली आणि दोघींनी एकदमच मान फिरवली.

रंजनाबाईंच्या भाच्याच्या लग्नाआधीची गोष्ट. अब्बा तापाने पडले होते आणि रंजनाबाईंच्या रेशमी साडीचं ब्लाउजपीस आफशीनने कोणाला न विचारता कापलं. एक बाही आखूड निघाली. तशी दुसरी साडी कुठून आणणार? ती कापलेले तुकडे घेऊन एकटी एस्टीने इथे आली आणि रंजनाबाईंसमोर ठेवून म्हणाली, अब्बांनी नाही, मी कापलं. दोघींनी मग साडीच्या आत खोचल्या जाणाऱ्या टोकाची पट्टी काढली. दोन्ही बाह्यांना तिने असा जोड दिला की तो मुद्दाम केलेला वाटावा. अब्बांना सांगायचं नाही, असं रंजनाबाईंनीच बजावलं होतं.

भाऊंनी पेनाचं टोपण काढलं. आता गप्प राहिलं तर पोकळ कौतुक कॉलेजला जाणार, आणि बोललं तर सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाच्या ओट्यावर अब्बांची मान खाली जाणार.

"भाऊ, तुम्ही नका लिखू," ती म्हणाली. "काकीसले लिखू द्या. त्यासनी मन्ही चूक दखेल शे."

मास्तर टेप गुंडाळू लागले.

"मी? सातवी शिकेल बाई मी!" रंजनाबाई म्हणाल्या. पण मग पदर सावरून त्या खाली बसल्या आणि बाहीची सगळी कथा त्यांनी सांगून टाकली. भाऊ आ वासून ऐकत राहिले. त्या लग्नात त्यांनी स्वतः त्या ब्लाउजची चारदा तारीफ केली होती.

आफशीनची अब्बांकडे बघायची हिंमत होईना.

"माले माहीत शे," मास्तर म्हणाले. "लग्न झायं नी गावन्या बायका तशीच बाही मांगाले लागन्यात. एकीनी नमुनाले तुमनाच ब्लाउज आना, तो मी दखा. तो जोड मन्हा हातना नव्हता. आनि एस्टीना कंडक्टरनी सांगेल व्हतं, पोर तुकडा लीसन एकली इकडे उनी व्हती."

"मंग बोलनात काबर नही?" रंजनाबाईंनी विचारलं.

"काय बोलू, वहिनी? पोर एकली एस्टीमा बसीसन सांगाले उनी. त्याले चूक म्हनू का मी?"

आफशीनचे डोळे भरून आले. तिने ते ओढणीने पुसले आणि मोबाइलवरचा कॉलेजचा फॉर्म रंजनाबाईंपुढे धरला. त्यांनी पेन घेतलं, पहिला रकाना वाचला आणि अडखळल्या.

"अर्जदाराशी तुमचा संबंध काय, असं इचारेल शे. काय लिखू?"

"गिऱ्हाईक लिखा, काकी," आफशीन हसत म्हणाली.

"नुसतं गिऱ्हाईक नही," मास्तर म्हणाले. "तिना हातनं पहिलं गिऱ्हाईक, असं लिखा."