व्याह्यांनी पाहिलेली कोर

तकोवाच्या डोंगरावरचा यकीम म्हातारा पक्का सूर्यवाला, सूर्यावरून वर्ष मोजणाऱ्या यहुद्यांतला. सूर्यवाल्यांचा वल्हांडण, म्हणजे कोकरू खायचा मोठा सण, दरवर्षी ठरल्या वारीच यायचा. पण लेक शप्पीरा त्यानं दिली चंद्रवाल्यांत. त्यांचा महिना कोर दिसेल तेव्हा लागायचा आणि सणही त्यावरच. त्यामुळे लग्नानंतर बापलेकीनं सणाचं कोकरू एका ताटात खाल्लंच नव्हतं. हा हात धुऊन उठायचा, तेव्हा तिच्याकडचं कोकरू अजून चरत असायचं!

यंदा तिनं निरोप धाडला, "बाबा, आज कोर दिसली आणि यरुशलेमात पंचांपुढे तिची साक्ष झाली, तर दोन्ही सण एकाच रात्री. नाहीतर आमचा एक दिवस पुढे."

जन्मात चंद्राकडे मान वर न केलेला यकीम त्या संध्याकाळी आभाळाकडे असा डोळे वटारून बसला, की ढग वरमून बाजूला झाले. फटीतून कोर दिसली, नखाएवढी. शेजारच्या उतारावर त्याचा व्याही जब्दी उभा होता.

"दिसली ना, व्याहीबुवा?" यकीमनं हाक दिली.

"दिसली. पण तू कशाला बघतोस? तुमच्यात चालते का ती?"

"साक्षीला दोघं लागतात. पहाटे गाढव काढ."

"म्हणजे सणाला तू माझ्या पंगतीला!"

"मग बस गप्प. चंद्राला सांग, दिसलास बाबा, पण अडचणीचा होतास."

जब्दी रात्रभर चरफडला. पहाटे गाढव मात्र त्यानंच काढलं.

यरुशलेमात साक्षीदारांना आधी पोटभर जेवण मिळे. "यासाठीच आलायस," जब्दी घास गिळत म्हणाला. मग पंचांनी दोघांना वेगवेगळं घेतलं. कोर किती उंच होती? तिची शिंगं कुठल्या बाजूला? उत्तरं जुळली. तरी मोठ्या पंचांनी डोळे बारीक केले. सूर्यवाल्यांनी खोटे साक्षीदार पाठवल्याचे किस्से त्यांना पाठ होते.

"तुझं काय काम रे चंद्राशी?"

यकीमच्या ओठांवर धर्माची दोन गोड वाक्यं आली होती. ती त्यानं गिळली. "लेकीबरोबर जेवायचंय, मायबाप. पण कोर काही मी टांगली नाही."

मग पंचांनी जब्दीलाही आत बोलावून विचारलं, "तुम्ही नातेवाईक तर नाही? नात्यातल्या दोघांची साक्ष चालत नाही."

"छे!" दोघं असे ओरडले, की देवळावरची कबुतरं उडाली ती थेट यरीहोला जाऊन बसली.

"व्याही आहे माझा," यकीम म्हणाला.

"हे नातं नव्हे, शिक्षा आहे," जब्दी म्हणाला.

मोठ्या पंचांची दाढी हसण्यानं हलू लागली. कायद्यातही व्याही नात्यात धरत नसत. "महिना लागला!" ते म्हणाले.

सणाच्या रात्री यरुशलेमातल्या एका गच्चीवर पंगत बसली. चंद्र भरून वर आला, तसा यकीम त्याच्याकडे पाठ करून बसला.

"ज्याच्यामुळे जेवतोस त्याच्याकडे बघ तरी," जब्दीनं डिवचलं.

"मी माझ्या ठरल्या वारी जेवतोय."

शप्पीरा हसली आणि बापाच्या ताटातच जेवायला बसली. यकीमनं मान काही वळवली नाही. फक्त आपली सावली लेकीच्या घासावर पडतेय असं दिसलं, तेव्हा चंद्राला वाट देत तो जरासा बाजूला सरकला.