दोन रंगांचा पहिला बेस

मी एक जुना पहिला बेस आहे. सॉफ्टबॉलच्या मैदानाला चार कोपरे असतात. चेंडू मारून पळत सुटलेली मुलगी सर्वांत आधी ज्या कोपऱ्यावर येऊन पोचते, तिथे मी जमिनीत रोवलेला असतो. तसा मी म्हणजे एक जाडजूड उशीच. फरक इतकाच, की उशीवर लोक डोके टेकतात आणि माझ्यावर बूट.

मित्रांनो, माझे अर्धे अंग पांढरे आहे आणि अर्धे नारिंगी. ज्या कारखान्यात माझा जन्म झाला, तिथे एक बाई मशीनवर जाड कापड शिवत असे. तिने हे दोन रंग जोडले, आत फोम ठासला आणि मला खुंटी बसवणाऱ्या कामगाराकडे सरकवत म्हणाली, "घ्या, दोन घरचा पाहुणा!"

"म्हणजे उपाशीच राहणार बिचारा," तो म्हणाला आणि दोघे हसले. मला त्यातले काहीच कळले नाही. माझ्या आयुष्यातल्या गोंधळाची सुरुवात तिथूनच झाली असे मी समजतो.

पुढे एका कॉलेजच्या मैदानावर आलो तेव्हा रंगांचा उलगडा झाला. पळत येणाऱ्या मुलीने माझ्या नारिंगी भागावर पाय ठेवायचा. चेंडू झेलणारी मुलगी दुसऱ्या संघाची, तिने पांढऱ्या भागावर उभे राहायचे. दोघींचे पाय एकमेकींत अडकून कोणी पडू नये म्हणून ही वाटणी. चेंडू आधी आला तर पळणारी 'आउट', पाय आधी आला तर 'सेफ'. ऐकायला किती सोपे! पण मला कळतात ते फक्त पाय. चेंडू वर, हातमोज्यात येतो. त्याचा 'थाप' असा आवाज मला ऐकू येतो, पण तो पायाच्या आधी आला की नंतर, हे मला आजवर एकदाही छातीठोकपणे सांगता आलेले नाही. लोकांना मात्र वाटते, की बेसला सगळे ठाऊक असणार.

पाय मात्र मी ओळखतो. मैदान सांभाळणारे काका चालतात ते टाचा घासत. कोच मॅडमचा पाय त्या रागावल्या की आधी माती उकरतो, तोंड नंतर उघडते. आणि पांढऱ्या भागावर वर्षानुवर्षे जिचा उजवा पाय टेकला, ती शिडी. खरे नाव मला ठाऊक नाही. ती इतकी उंच होती, की सगळे तिला शिडीच म्हणत. एक पाय माझ्यावर ठेवून ती दुसरा इतका लांब टाकायची, आणि हात त्याहून लांब, की वाकडेतिकडे चेंडूही तिच्या मोज्यात येऊन बसत. तिच्या बोटांचा दाब मला पाठ झाला होता.

त्या वर्षी महाविद्यालयांची राष्ट्रीय स्पर्धा आमच्याच मैदानावर भरली. काकांनी मला ब्रशने घासून धुतले, उन्हात वाळवले आणि सगळ्यांना दाखवत म्हणाले, "बघा, नवरदेव झालाय नुसता!" माझी छाती फुगली. अर्थात फोमला फुगायला फारशी जागा नसते.

दूरदूरचे संघ आले. कितीतरी अनोळखी बूट माझ्यावरून गेले. आमच्या मुली जिंकत जिंकत अंतिम सामन्यापर्यंत पोचल्या. आमचे कॉलेज तिथवर कधीच पोचले नव्हते. पण आदल्या सामन्यात शिडीचा उजवा घोटा मुरगळला. अंतिम सामन्याच्या सकाळी कोच मॅडमनी स्वतः तिच्या पायाला चिकटपट्टी गुंडाळली, वेढ्यावर वेढा, घट्ट. त्या दिवशी तो पाय माझ्यावर टेकला तेव्हा मला तो लाकडाचाच वाटला.

समोरच्या संघात एक लहानखुरी मुलगी होती. तिच्या मैत्रिणी तिला पाखरू म्हणत. नाव अगदी शोभत होते. ती नारिंगी भागाला शिवून पुढे निघून जाई आणि मला नंतर कळे की कोणीतरी आले होते. सामना निम्म्याहून पुढे सरकला होता, गुण बरोबरीत होते. पाखरू चेंडू टोलवून पळाली, सेफ ठरली, आणि परत येऊन माझ्यावर उभी राहिली. तेव्हाच मला काहीतरी लोंबते आहे असे जाणवले. तिच्या एका बुटाचा तळ पुढून पार उसवला होता. मगरीने जबडा वासावा तसा.

"अगं बाई, हे काय!" शिडी म्हणाली. "अशी पळालीस?"

"पळताना कळलंच नाही," पाखरू म्हणाली. "आता कळतंय."

अंपायर बाईंनी खेळ थांबवला. पाखराच्या संघातून बूट आले, पण ते इतके मोठे, की तिचे दोन्ही पाय एकात मावले असते. चिकटपट्टी त्यांच्याकडची संपली होती. तिच्या संघाचे सर म्हणाले, "तशीच पळ. सांभाळून." पाखराने मान डोलावली, पण तिचा पाय घाबरलेला होता. मी सांगतो ना, पाय मला कळतात.

तेवढ्यात शिडी माझ्यावर मटकन बसली. तिने पायमोजा खाली सारला आणि स्वतःच्या घोट्याची पट्टी सोडवायला लागली.

"ए, तुझा पाय!" पाखरू म्हणाली.

"आतला वेढा राहू दे, तेवढा पुरे. आण तो बूट इकडे."

ती पट्टी तिने पाखराच्या बुटाभोवती गुंडाळली. तिकडून फटका मारणारीच्या मागे चेंडू झेलणारी आमची कॅचर ओरडली. ती दणकट मुलगी होती, होमच्या, म्हणजे गुण मिळतो त्या शेवटच्या कोपऱ्यावर कोणी तिला ओलांडून जाऊ शकत नसे, म्हणून तिचे नाव भिंत. "शिडी! डोकं फिरलंय का तुझं?"

कोच मॅडमचा पाय माती उकरू लागला. "तुझ्या घोट्याची पट्टी आहे ती! वेडी आहेस का?"

"झालंच, मॅडम," शिडी म्हणाली आणि शेवटचे टोक दातांनी तोडले.

मित्रांनो, मी गोंधळून गेलो. पांढरा भाग आमचा आणि नारिंगी भाग त्यांचा, एवढे एकच ज्ञान मी मोठ्या मुश्किलीने मिळवले होते. आणि पांढऱ्या भागावरची मुलगी नारिंगी भागावरच्या मुलीचा बूट बांधत होती. नियमात हे कुठे बसते? अंपायर बाईंनी फक्त विचारले, "झालं? चला, खेळा." म्हणजे नियमाला त्याचे काही नव्हते. मग कोच मॅडम का ओरडत होत्या?

खेळ पुढे चालू झाला. शिडीचा पाय माझ्यावर यायचा तो आता लाकडाचा राहिला नव्हता. तो थरथरत होता. तिने कोणाला सांगितले नाही. मला सांगता येत नाही.

शेवटचा डाव आला. गुण अजून बरोबरीत. त्यांची एक मुलगी तिसऱ्या बेसवर येऊन थांबली होती, आणि त्यांचा आणखी एक गडी बाद झाला की डाव संपणार होता. फटका मारायला आली पाखरू. ती सेफ पोचली तर तिसऱ्या बेसवरची मुलगी होमला जाणार आणि सामना त्यांचा. आउट झाली तर सामना पुढे चालणार.

चेंडू जमिनीवरून सरपटत गेला. आमच्या मुलीने उचलला आणि शिडीकडे फेकला. थोडासा कमी पडला. एरवी शिडीने असले चेंडू हसत घेतले असते. तिने डावा पाय लांब टाकला, सगळा भार उजव्या पायाच्या बोटांवर आला, आणि घोटा लचकला. मला तो लचकलेला कळला. ती जायची तितकी पुढे गेली नाही. वीतभर मागे राहिली असेल. हातमोज्यात 'थाप' झाले. नारिंगी भागावर बांधलेला बूट पडला. दोन्ही एकदम.

मग अंपायर बाईंचे दोन्ही हात आडवे पसरले. "सेफ!"

एका बाजूला आरोळी उठली. दुसऱ्या बाजूला काहीच उठले नाही. शिडी माझ्या शेजारी मातीत बसली होती. होमच्या कोपऱ्यावरून भिंत मुखवटा फेकून धावत आली.

"तू कुठल्या संघात आहेस, तेवढं सांग मला!" ती ओरडली. रडतही होती. "चार वर्षं गुडघे फोडले मी इथे. पुढच्या वर्षी आपण नाही आहोत, कळतंय का? आणि तू तिचे बूट बांधतेस?"

भिंत तरातरा निघून गेली. मला वाटले, भिंतीचे बरोबर आहे. मग शिडीचा हात माझ्यावर टेकला. तो घामाने ओला होता. मला वाटले, शिडीचेही बरोबर आहे. दोघींचे बरोबर कसे असेल? मी पुन्हा गोंधळलो.

बक्षीस समारंभासाठी खुर्च्या-टेबले लागत होती तेव्हा पाखरू परत आली. तिच्या बुटाची पट्टी आता मातीने काळी झाली होती. ती शिडीजवळ उकिडवी बसली.

"खरं सांग, मी सेफ होते का गं?"

"मला काय माहीत! मी चेंडूकडे बघत होते."

"आणि मी बेसकडे."

जवळून अंपायर बाई आपली टोपी झटकत चालल्या होत्या. पाखराने त्यांनाच विचारले, "बाई, मी नक्की सेफ होते?"

अंपायर बाई थांबल्या. "मी सेफ म्हटलं ना?"

"हो."

"मग सेफ होतीस," त्या म्हणाल्या. चार पावले गेल्यावर मागे वळून म्हणाल्या, "घरी गेले की नवराही हेच विचारणार आहे. त्यालाही हेच सांगणार."

दोघी मुली हसल्या. मग शिडीने माझ्यावर थोपटले. "यालाच विचारायला हवं. दोघींचे पाय यालाच लागले."

मित्रांनो, तेव्हा माझी काय अवस्था झाली असेल! जन्मात पहिल्यांदा कोणीतरी मला काही विचारले, आणि मला उत्तर ठाऊक नव्हते. आजही नाही.

"तू ते बांधलं नसतंस तर तुमचं काही गेलं नसतं," पाखरू हळूच म्हणाली. "का बांधलंस?"

शिडीने घोट्यावरून हात फिरवला. "तुझा पाय मुरगळला असता," ती म्हणाली. "फार दुखतं गं. कालच कळलं मला." मग तिचा चेहरा कसनुसा झाला. "पण हरायचं नव्हतं मला. तुला वाटेल, मी काही थोर आहे. तसं नाही. आत्ता मला तुझा रागसुद्धा येतोय."

"येऊ दे," पाखरू म्हणाली. तिला हाका येत होत्या. ती गेली.

कोच मॅडम आल्या. त्यांचा पाय आता माती उकरत नव्हता. त्यांनी शिडीचा घोटा दाबून पाहिला. तो चांगलाच सुजला होता. "तू चूक केलीस की बरोबर, ते मला आज सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "कदाचित उद्याही येणार नाही. पण पुढच्या वेळी पट्टी माझ्याकडे माग. माझ्या खिशात अख्खं रीळ होतं."

"तुम्ही दिलं असतं?"

मॅडमनी घोट्यावरचा हात काढला. "माहीत नाही," त्या म्हणाल्या.

शिडी उठायला गेली आणि परत खाली बसली. इतक्यात भिंत आली. तिचे डोळे लाल होते. ती शिडीकडे पाठ करून खाली वाकली.

"चढ."

"तू रागावली आहेस ना?"

"आहेच. आणि चांगली महिनाभर राहणार आहे. चढ म्हणते ना! समारंभाला काय रांगत जाणार आहेस?"

शिडी तिच्या पाठीवर चढली. भिंतीच्या बुटांचा भार क्षणभर माझ्यावर पडला, दोघींचा मिळून एक भार, आणि मग तो डुलत डुलत टेबलांच्या दिशेने निघून गेला. इतक्या रागाने इतक्या जपून पाऊल टाकणारे पाय मी त्याआधी पाहिले नव्हते.

पुढची कहाणी फार मोठी नाही. त्या मुली निघून गेल्या, नव्या आल्या. त्यांच्यात ही गोष्ट फिरत राहिली, आणि प्रत्येक वर्षी वेगळी झाली. एका वर्षी शिडी फितूर होती, दुसऱ्या वर्षी देवमाणूस. एकीने तर सांगितले, की बुटाला पट्टी नव्हे, गोंद लावला होता. मी कान देऊन ऐकायचो आणि प्रत्येक वेळी वाटायचे, छे, असे नव्हते. मग कसे होते, तेही मला नेमके सांगता आले नसते.

नंतर माझी शिवण उसवली आणि नवा बेस आला. मी सामान-खोलीत पडून राहिलो. कोणीतरी माझ्यावर चुन्याची गोणी ठेवली, कोणीतरी मला दाराला अडसर केले. एका पावसाळ्यात छत गळले आणि मी भिजून कुजायला लागलो. तेव्हा काकांनीच मला बाहेर काढले. म्हातारे झाले होते ते. दाभण घेऊन त्यांनी माझी शिवण घातली, वेडीवाकडी पण पक्की, आणि शेजारच्या शाळेच्या मैदानावर मला नेऊन दिले. आता लहान मुली माझ्यावर येऊन धडपडतात. कोणत्या भागावर पाय ठेवायचा, हे त्या रोज विसरतात. मी त्यांना दोष देत नाही.

मित्रांनो, शहाणपण शिकवण्याइतका मी शहाणा नाही. शिडीचे बरोबर की भिंतीचे, ते तुम्ही ठरवा. मी एवढेच मागतो, की खेळ संपल्यावर मला पावसात टाकून जाऊ नका. माती झटका, कोरड्या जागी ठेवा. आणि मला उपटल्यावर माझ्या खुंटीची खाच जमिनीत तशीच उघडी राहते. तिच्यात झाकण बसवायला विसरू नका. अंधार पडू लागला की ती दिसत नाही, आणि मैदानातून घरी जाणारे सगळेच पाय दमलेले असतात.