मुकादमाचे अवगुण

माणसं ओळखण्यात माझा हात कोणी धरणार नाही, असं मला बारा वर्षं वाटत होतं. सोडवून आणलेली कुत्री चांगल्या घरी देणं हे माझं काम. त्यासाठी तेवीस प्रश्नांचा फॉर्म मीच तयार केला होता. घर स्वतःचं की भाड्याचं, घरात भांडणं होतात का, परगावी गेलात तर कुत्र्याचं कोण बघणार. लोक घाम पुसत लिहायचे आणि मी समोर बसून त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचे. सतरावा प्रश्न सगळ्यात अवघड: पूर्वी पाळलेल्या कुत्र्याचं काय झालं?

शिंपीकाकांनी तिथे लिहिलं, "परत दिला."

साठी उलटलेला माणूस, गळ्यात टेप तसाच, बाहीला दोन टाचण्या. तीन रविवार ते मुकादमासाठी खेटे घालत होते. मुकादम म्हणजे आमचा काळा, एक कान मोडलेला कुत्रा. आम्ही पिंजरे धुताना मागे उभा राहून काम नीट होतंय की नाही ते बघायचा, म्हणून ते नाव. दोन घरांनी त्याला परत आणला होता. तिसऱ्यांदा परत आलेला कुत्रा पुन्हा कोणाला द्यायचा नाही, असा आमचा नियम. तो मागच्या रांगेत जातो. तिथली कुत्री वर्षभरात माणूस आला तरी उठायची बंद होतात. मुकादमाला तिथे बघणं मला सोसलं नसतं.

"काका, कुत्रा परत देणाऱ्यांना आम्ही दुसरा देत नाही," मी फॉर्म त्यांच्याकडे सरकवला.

"मग खोटं लिहायला हवं होतं का?"

ते उठतील असं वाटलं, पण ते नीट टेकून बसले.

"असाच एका ठिकाणाहून आणला होता. शांत आहे म्हणाले. होताच शांत. पण शिलाईमशीन सुरू झालं की टेबलाखाली जाऊन थरथरायचा. खायचा नाही, प्यायचा नाही. एकवीस दिवस मी हातानं शिवलं, पण तसं किती दिवस चालणार? शेवटी नेऊन दिला. टाकला नाही हो त्याला. पण रस्ताभर माझ्याकडे बघत होता." त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "त्यांना माहीत होतं, ताई. आवाजाचं आधी बोलले असते, तर मीच नको म्हटलं असतं. कुठल्या तरी शांत घरी सुखी झाला असता."

मग त्यांनी मुकादमाच्या पिंजऱ्याकडे बोट केलं. "याचे गुण तर दिसतायत. अवगुण सांगा."

"अहो, गुणाचा आहे," हे माझ्या जिभेवर आलंच होतं. आधीच्या दोन्ही घरांना मी तेच सांगितलं होतं. खरं सांगितलं तर नेणार कोण, असा माझा हिशेब. पहिल्या घरच्या बाईंनी तिसऱ्याच दिवशी फोन केला होता, हा असं का करतो म्हणून. त्यांना मी ऐकवलं की तुमचंच प्रेम कमी पडतंय. आपलं ठेवावं झाकून अन् दुसऱ्याचं बघावं वाकून म्हणतात, ते मी तेवीस प्रश्न विचारून करत होते. मला माझीच लाज वाटली.

"त्याला बंद दारापलीकडे माणूस गेलेला सहन होत नाही," मी म्हटलं. "आतलं असो, बाहेरचं असो. आधी रडतो, मग ओरबाडतो, मग दार खातो. एकदा त्यापायी दात मोडून घेतलाय. तो आमच्याकडे आला तेव्हापासून हे आहे. इथे जाळीतून पलीकडचं दिसतं, म्हणून गप्प असतो."

काकांनी सगळं ऐकून घेतलं, "बघतो" म्हणाले आणि गेले. झालं, खरं बोलून हातचं घर घालवलं. त्या दिवशी मी सगळ्यांवर उगाच खेकसले.

शनिवारी काका पुन्हा हजर. बोटांना खरचटलेलं.

"दारं काढली," ते म्हणाले. "आतली सगळी. पडदे शिवून लावले. बाहेरचं दार दुकानामुळे दिवसभर उघडंच असतं, तिथे कमरेएवढी जाळी बसवली. रात्री दार लावतो, पण तेव्हा आम्ही त्याच्यासोबत आतच असतो."

"सगळी? आणि बाथरूमचं?"

"तिथेही पडदा. बहीण दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. मग म्हणाली, आत असले की गाणं म्हणेन. मी म्हटलं, तुझं गाणं ऐकून कुत्रा स्वतःच परत जाईल."

सतराव्या प्रश्नाकडे न बघता मी सही केली.

आधीची दोन्ही घरं तिसऱ्या आठवड्यात परत आली होती. म्हणून सोळाव्या दिवशी फाटकाबाहेर काका आणि पट्ट्याला मुकादम दिसला, तेव्हा हातातलं काम तसंच टाकलं. मी धावतच गेले.

"काय झालं?"

"तुमचं एक सांगायचं राहिलं. झाडू. बहिणीनं हातात घेतला की हा अंग चोरून कोपऱ्यात जातो. मार खाल्लाय त्यानं कधीतरी."

आम्ही पाइपनं धुतो. आमच्याकडे त्याला झाडू कधी दिसलाच नव्हता.

"म्हणून... परत द्यायला आलात?"

"परत?" काका उखडले. "डोकंबिकं फिरलंय का तुमचं? ओला फडका मारतो आता आम्ही. फक्त लिहून घ्या."

"तुमच्याकडेच राहणार, तर लिहायचं कशाला?"

"मी चौसष्टचा आहे, ताई. उद्या माझं काही झालं, बहिणीला एकटीला जमलं नाही, तर पुढच्याला आधी कळायला हवं ना?"

मी आतून मुकादमासाठी काकांनी भरलेला फॉर्म आणला. बारा वर्षांत आमच्या फॉर्मची मागची बाजू कोरीच राहिली होती.

"आत या, बसून लिहू," मी म्हटलं.

पण मुकादम फाटकाच्या आत पाऊल टाकेना. पाठ आमच्याकडे, तोंड रस्त्याकडे, आणि तो काकांना घराच्या दिशेनं ओढत होता. मग मी बाहेरच, फाटकाच्या खांबावर कागद धरून लिहिलं.