मेंढरं बसली होती ती जागा

दिवाळीनंतर उद्धवरावांच्या वावरात एकच तुकडा हिरवा होता आणि त्याला चार सरळ कडा होत्या. बाकी सगळं रान करडं. पोळ्यानंतर पाऊस जो गेला तो फिरकलाच नाही. निंबर्ग्याच्या शिवारात लोकांनी अर्धीमुर्धी भरलेली ज्वारी कापून घेतली आणि काळ्या रानाला पाय अडकतील अशा भेगा पडल्या. अशात कापलेल्या खोडांना कोवळे, गर्द फुटवे आले होते ते त्या चौकोनातच. येणारेजाणारे थांबून बघायचे आणि उद्धवरावांनी चोरून पाणी दिलं म्हणायचे. म्हाळसाबाईनं मात्र बघताक्षणी ओळखलं. गेल्या उन्हाळ्यात तिची मेंढरं इथंच बसली होती. जाळ्याची दोरी जिथं ताणली होती, बरोबर तिथं हिरवं संपत होतं.

मेंढरं बसवायची रीत आमच्याकडं जुनी आहे. रान मोकळं झालं की शेतकरी मेंढपाळाला बोलावतो. वावरात जाळं लावून कळप रात्रभर कोंडतात. मेंढरं लेंड्या टाकतात, मुततात, खुरांनी ते सगळं मातीत कालवतात आणि सकाळी उठून चरायला जातात. त्या मातीतून पीक येतं, पिकाचा पाला पुन्हा मेंढरांच्या पोटात जातो. माती आणि मेंढरू आपलं आपलं बघून घेतात. मधे माणसं जाळं तेवढं लावतात आणि वर फुशारकी मारतात.

फुशारकीत म्हाळसाबाई कुणाला ऐकायची नाही. "माझी मेंढरं बसली की दगडाला बी कोंब फुटंल," असं ती आळंदच्या बाजारात उभी राहून सांगायची. तिचा नवरा गुंडाप्पा कमी बोलायचा, कारण तिनं त्याच्या वाट्याचं बोलून टाकलेलं असायचं. पण कळप खरंच देखणा होता. काळीभोर, भरल्या अंगाची मेंढरं. पोरगा मल्लिकार्जुन कलबुर्गीला जेसीबीवर लागला होता आणि मेंढरं विका म्हणून फोनवर भांडायचा. ती फोन बंद करायची. घर नावाला होतं, शेत नव्हतंच. जे होतं ते चार पायांवर फिरत होतं.

यंदा उद्धवरावांनी बोलावलं तेव्हा कळपाची दशा झाली होती. चरायला काही नव्हतं. मेंढरं बाभळीच्या शेंगा, वाळका पाला, उकिरड्यावरचे कागद खात होती. आयांची दुधं आटली होती. जाळ्यात मागं ठेवलेली कोकरं ओरडून ओरडून थकली की मान टाकून पडायची. दोन तर सकाळी उठलीच नाहीत. म्हाळसाबाईनं ती पदराखाली झाकून नेऊन पुरली, जसं काही गुंडाप्पाला कळणारच नव्हतं.

त्या दिवशी पहाटे जरासा शिंतोडा आला. उजाडलं तेव्हा चौकोनातले फुटवे धुऊन निघाल्यासारखे चमकत होते आणि मेंढरं जाळ्याला थोबाडं लावून तिकडंच बघत होती.

"सोडा की," म्हाळसाबाई म्हणाली. "उद्धवअण्णानं चारा म्हनून सांगितलंय."

"अण्णाला काय ठावं? फुटवा हाय त्यो. पान्याबिगर उगवलेला."

"राती पडलं की पानी."

"त्याला पानी म्हनतीस व्हय? धूळ बी बसली न्हाई."

गुंडाप्पा खरं तेच बोलत होता. पाण्याचा ताण बसलेल्या ज्वारीच्या कोवळ्या फुटव्यात विष असतं, हे त्यांच्यातल्या रांगत्या लेकरालाही माहीत असतं. ताट कमरेएवढं होईपर्यंत त्याला मेंढरू लावायचं नाही. म्हाळसाबाईनंच कितीजणांना हे दरडावून सांगितलं होतं. पण तिच्या मनात आणखी एक गोष्ट घट्ट बसली होती. आपल्याच कळपाच्या लेंडीवर जे उगवलं, ते आपल्या कळपाला बाधत नाही. हे तिला सासूनं सांगितलेलं, सासूला तिच्या सासूनं. कुणी कधी पडताळून पाहिलं नव्हतं, कारण बऱ्या सालात तशी वेळच यायची नाही. भुकेनं ती वेळ आणली.

"हे आपल्याच लेंडीचं हाय," ती म्हणाली. "आपलं आपल्याला बाधतंय कुटं? तुमी कामून अडवायलाव? तकडं लेकरं दुधाबिगर मरायलीत."

गुंडाप्पानं कोकरांकडं बघितलं आणि बाजूला झाला. त्याला दोष द्यावा असं मला वाटत नाही. उपाशी लेकरं समोर असताना शहाणपण किती वेळ टिकतं?

मेंढरं आत घुसली ती माना वर न करता खात सुटली. म्हाळसाबाई कमरेवर हात ठेवून बघत होती. कितीतरी दिवसांनी तिच्या तोंडावर हसू आलं होतं.

पहिली पडली ती सगळ्यांत पुढं असलेली शिंगाळी मेंढी. आधी तिचे पाय थरथरले, मग ती धापा टाकायला लागली, तोंडाला फेस आला आणि ती आडवी झाली. गुंडाप्पा ओरडत धावला. दोघं मिळून कळप मागं हाकायला लागले, पण भुकेलं मेंढरू हिरव्यातून निघत नाही. ओढून बाहेर काढलेली मेंढरं बांधावर पडत होती, आणि हाकून लावलेली चार उड्या मारून. विषावर उतारा म्हणून उद्धवराव घरातली गुळाची ढेप फोडून, पाण्यात कालवून घेऊन आले. ते एकाच्या तोंडात ओतेपर्यंत शेजारची दोन गेलेली असायची.

गुरांचे डॉक्टर शिवप्रसाद फोन लावताच मोटारसायकलवर आले. त्यांच्याकडं होती तेवढी इंजेक्शनं त्यांनी शिरेत दिली आणि त्यानं काही मेंढरं उठलीही. मग पिशवी रिकामी झाली. एका मेलेल्या मेंढीचा ओठ वर करून त्यांनी हिरड्या बघितल्या. लालभडक होत्या.

"रक्तात हवा हाय, पन शरीराला घेता येईना," ते म्हणाले. "समोर ताट वाढलेलं आन् घास गिळता येत न्हाई, तसं."

"दर साली कुनाचं तरी एकदुसरं जातंय की," उद्धवराव म्हणाले. "एवढा कळप कसा गेला?"

"हितली माती लई ताकदीची. खत जास्ती आन् पानी न्हाई. झाडाला खायाला मिळालं, पन वाढता येईना. मग ते इख धरतंय. दुसरीकडं एवढं धरलं नसतं."

म्हाळसाबाई तिथंच मातीत बसली होती. तिनं मान वर केली. "म्हंजी आमच्याच लेंडीनं?"

डॉक्टर चांगला माणूस. तो पिशवीचा बंद आवळत राहिला.

दुपार कलेपर्यंत बांधावर काळ्या अंगांची रांग लागली. कुत्री जमली. उद्धवरावांनी डोळे पुसले. ते खरंच रडत होते. म्हणाले, "अक्का, जेसीबी सांगतो. हितंच खोल पुरू. नायतर वास सुटंल, कुत्री उकरतील. आन् तसंही, जमिनीला..." एवढं बोलून त्यांनी जीभ चावली. पण बांधावर उभ्या असलेल्या साऱ्या गावाच्या मनात तेच आलं होतं. माती सगळंच पोटात घेते, लेंडी काय आणि मेंढी काय. पुढच्या साली या तुकड्यासारखं पीक शिवारात कुठं दिसणार नव्हतं.

"पुरा," म्हाळसाबाई म्हणाली. "पन हितं पुन्हा ज्वारी पेरू नगासा, अण्णा."

जाताना डॉक्टरांनी तिला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली. मेलेल्या मेंढीच्या कासेला कोकरू लागू द्यायचं नाही. विष दुधात किती उतरलं असेल सांगता येत नाही, आणि उठलेली थोडी मेंढरं सोडली तर कळप आता कोकरांतच उरला आहे. उद्धवरावांची बायको राजूबाई घरोघर म्हशीचं दूध मागायला गेली होती.

ती येण्याआधीच जाळ्याचा एक खुंटा निघाला. कोकरं बाहेर पडली. रोज संध्याकाळी आया रानातून आल्या की ती अशीच सुटायची आणि एवढ्या मोठ्या कळपातून प्रत्येक कोकरू आपलीच आई हुंगून काढायचं. आजही चुकलं नाही. बांधावरच्या रांगेत शिरून, वास घेत घेत, प्रत्येकानं आपापली आई शोधली. मग गुडघे टेकले आणि कासेला ढुशा द्यायला लागली.

गुंडाप्पा एकेकाला उचलून बाजूला ठेवत होता. ठेवलेलं पुन्हा पळत यायचं. त्याचे हात पुरेनात आणि त्याला रडू आवरेना. म्हाळसाबाई उठली. जन्मात तिनं कोकराला चापटसुद्धा मारली नव्हती. तिनं काठी घेतली आणि सगळ्यांत लहान होतं त्याच्या पाठीत घातली. ते कळवळून मागं सरलं, तिच्याकडं बघत उभं राहिलं, आणि पुन्हा आईच्या कासेत तोंड खुपसायला गेलं. तिनं पुन्हा काठी उचलली.