जगदेवीच्या समाधीत मी एकटी

मी जगदेवीची डबी बोलतेय. चांदीची, लिंबाएवढी, शिवदोरा ओवायला दोन बाजूंना दोन कड्या असलेली. तुम्ही ज्या समाधीवर बेल वाहता, नारळ फोडता, लेकरू होऊ दे म्हणून पदर पसरता, तिच्या पोटात मी आहे. जगदेवी नाही. ती इथं कधीच नव्हती.

रागावू नका. लांबून आला आहात, बैल सोडलेत, घटकाभर सावलीला बसणारच आहात. इतकी वर्षं तुम्ही बोललात आणि मी ऐकलं. आज थोडं उलटं होऊ द्या.

माझा जन्म गंगासागरबाईच्या पैंजणांतून झाला. सिरसाळ्याला तिच्या नवऱ्याचं, मन्मथअप्पांचं, किराणा दुकान होतं. आमच्या लिंगायत लोकांत देव ज्याचा त्याच्या गळ्यात असतो. गुरू लहानपणी हातावर इष्टलिंग ठेवतो. ते डबीत घालून छातीवर बांधायचं आणि जिवात जीव असेपर्यंत उतरवायचं नाही. रोज डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची, मगच तोंडात घास घालायचा. माणूस गेलं की त्याला बसवून पुरतात आणि तेच लिंग त्याच्या हातात देतात. लेकीच्या दीक्षेचा दिवस ठरला तेव्हा गंगासागरबाईनं पायातले पैंजण काढून सोनारापुढं ठेवले. मन्मथअप्पा म्हणाले, "दुकानातून चांदी घेऊ की." ती म्हणाली, "विकतची नगं. माझ्या अंगावरची द्यायची हाय तिला." छुमछुम वाजणारे पैंजण माझ्यात आले आणि गप्प झाले.

दीक्षा मठाच्या महाराजांनी दिली. मठाचं नाव मी सांगणार नाही, तुम्ही त्याच्याच आवारात बसला आहात. निजाम सरकारनं दिलेली इनाम जमीन, दगडी ओवऱ्या, दर सोमवारी पाच-पंचवीस गावांची माणसं. महाराज तेव्हा तरुण होते आणि आवाज असा गोड, की रडतं पोर ऐकत राहावं. त्यांनी जगदेवीच्या कानात मंत्र सांगितला आणि माझा दोरा स्वतःच्या हातानं तिच्या गळ्यात बांधला. "आता हे तुझ्या जिवासंगं," ते म्हणाले.

आणि तसंच होतं हो. ती जात्यावर बसली की मी खुंट्याला टकटक लागायचे, मग ती मला उचलून पाठीवर टाकायची. झोपताना मुठीत धरायची. तिला ताप आला की माझीही चांदी तापायची. आईनं रागे भरलं की माळ्यावर बसून सगळं गाऱ्हाणं मला सांगायची, आतल्या देवाला नव्हे, मला. देवाला हेवा वाटला असेल तर तो काही बोलला नाही. तसाही तो फारसा बोलत नाही. चांदीला ऊब कशी असते असं मला कुणी विचारलं, तर मी तिच्या गळ्याखालच्या त्या एवढ्याशा खळग्याचं नाव सांगेन.

लग्न होऊन ती माजलगावला गेली. पुढं मानमोडीच्या तापाच्या साथीत तिचा नवरा दोन दिवसांत गेला. ती माहेरी परत आली तेव्हा पंचविशीतही नव्हती. आमच्यात विधवेचं पुन्हा लग्न लावतात. पण मन्मथअप्पा म्हणाले, वर्षभर मठात सेवा करू दे, मन शांत होईल, मग बघू. ती फुलं तोडायची, वाती वळायची, ओवऱ्या सारवायची. मन खरंच शांत होत आलं होतं. मला कळायचं, कारण तिचा श्वास सगळ्यात जवळून मीच ऐकत होते.

एके दिवशी भर दुपारी, मठ निजला असताना, महाराजांनी तिला आतल्या खोलीत हाक मारली. मंत्राचा अर्थ सांगतो म्हणाले. दार लोटलं. तिनं हात जोडले, मागं सरली, "महाराज, नगं," म्हणाली. कितीदा तरी म्हणाली. मी मध्ये होते, तिच्या छातीवर. ज्या हातानं मला तिच्या गळ्यात बांधलं, त्याच हातानं मला बाजूला सारलं. यापुढचं मी बोलणार नाही. ते तिचं आहे, तिनं सांगायचं असेल तर सांगावं.

तिनं सांगितलंही. सिरसाळ्याला चालत आली. आई दारात तूर पाखडत होती.

"कावून आलीस गं अशी अवेळी?" गंगासागरबाईनं विचारलं.

जगदेवीनं सांगितलं. थांबत, अडखळत, पण सगळं सांगितलं. सूप थांबलं. मग आई हळूच म्हणाली, "बोलू नगंस कुणाजवळ. महाराज हायत ते. तुझीच कायतरी समजूत चुकली असंल. जा माघारी. सांजच्या पूजेला फुलं नसतील."

लेकीचा पदर नीट करताना तिचा हात माझ्यावरून फिरला. तिनं मला पदराआड झाकलं. तिला कळलं होतं. कळलं होतं म्हणूनच ती घाबरली होती. दुकान, जात, नवरा, मठ, एवढ्या सगळ्यांपुढं उभं राहायचं बळ त्या दिवशी तिच्याजवळ नव्हतं.

जगदेवी परत आली आणि मठाचा कारभारी गुरुपाद याच्यापुढं उभी राहिली. गुरुपाद म्हणजे भस्माचे पट्टे ठसठशीत आणि बोलणं लोण्यात बुडवलेलं. त्यानं सगळं शांतपणे ऐकलं. "किरपा झाली समज, बाई," तो म्हणाला. "आन् बोलायचंच आसंल तर बोल. सोमवारी महाराजांनी नुस्तं म्हणायचं, की मन्मथअप्पाच्या घरचं पानी कुणी पिऊ नगा. तुझ्या बापाचं दुकान दुसऱ्या दिवशी बंद."

तेव्हा तिनं मला उतरवलं. जन्मात पहिल्यांदा. दोरा डोक्यावरून काढला आणि महाराजांच्या बंद दारापुढं, उंबऱ्यावर, मला ठेवलं. "तुमचं तुमाला," एवढंच म्हणाली. मग जालन्याकडं निघालेल्या कापसाच्या गाड्यांमागं चालू लागली. वळून पाहिलं नाही.

माझं काय चुकलं होतं? हे मी स्वतःला फार विचारलं. मी तिची होते, तिच्या आईच्या पैंजणांची होते. पण मला गळ्यात ठेवायचं तर मला बांधणारा तो हातही गळ्यात ठेवावा लागणार होता. हे मला कळलं, तरी तिची आठवण यायची ती येतच राहिली.

आता खरी गंमत ऐका. गंमतच म्हणते, दुसरं काय म्हणू? मठानं आधी सांगितलं, पोरगी कुणासोबत तरी पळून गेली. मन्मथअप्पांनी मान खाली घातली. पण गंगासागरबाई दर सोमवारी मठात यायला लागली. महाराजांच्या दर्शनाची रांग लागलेली असे, आणि ही सगळ्यांदेखत विचारी, "माजी लेक तुमच्या मठात व्हती. कुटं हाय ती?" आरडाओरडा नाही, शिव्या नाहीत. नुसतं विचारायची आणि उभी राहायची. पुढं लोक कुजबुजू लागले. पोलीस पाटील भगवानराव चौकशीला आले. तालुक्याचे पोलीस अमीनसाहेबही येणार अशी बातमी होती.

गुरुपादनं मला उंबऱ्यावरून उचलून कोनाड्यात टाकलं होतं, तिथून काढून आता तळहातावर घेतलं. "महाराज, तिचं लिंग आपल्यापाशी हाय," तो म्हणाला. "आपल्यातलं माणूस जित्तेपणी लिंग सोडतंय का? जितं लिंग, तितं माणूस. लोकायला आजून काय पायजे?"

महाराजांनी डोळे मिटले. नाही म्हणाले नाहीत.

बातमी पसरली, की जगदेवी पळून गेलीच नव्हती, ते बोलणं चुकीचं होतं. ती मठातच आत बसून होती, तिनं अन्न सोडलं होतं, कुणाला सांगू नका अशी शपथ घातली होती, आणि पहाटे तिनं जिवंत समाधी घेतली. मठामागं दगडी चौथरा उभा राहिला. पुरायला माणूस नव्हतं, म्हणून खाली देह झाकलाय असं वाटावं इतका खड्डा भस्मानं आणि बेलाच्या पानांनी भरला आणि वर मला ठेवलं. वरचा दगड बसवायच्या आधी गंगासागरबाईला आणि पाटलांना बोलावलं. "बघा माय, कुनाची हाय डबी?" गुरुपादनं विचारलं.

तिनं वाकून पाहिलं. आपले पैंजण तिला ओळखू येणार नाहीत होय? "माज्या जगीची," ती म्हणाली.

खरं बोलली आणि तिथंच फसली. मन्मथअप्पांनी साष्टांग नमस्कार घातला. पाटलांनी पागोटं काढलं. अमीनसाहेब आले ते दर्शन घेऊन गेले. दगड बसला आणि मी अंधारात गेले.

त्यानंतरचं मी फक्त ऐकलेलं आहे. जत्रा भरू लागली. जगदेवीमाय म्हणून गाणी झाली. मन्मथअप्पांना पहिला प्रसाद मिळू लागला, आणि त्यांचं दुकान कधी नव्हे इतकं चालू लागलं. पहिल्या अभिषेकाचा मान आईला. तिनं तो घेतला. पळून गेलेल्या मुलीपेक्षा संत झालेली मुलगी बरी, असं कोणत्याही आईला वाटेल. पण सोमवारी गर्दी ओसरली की ती दगडाला तोंड लावून हळूच विचारायची, "जगे, हितं हायस का गं?" दर सोमवारी. मला तोंड असतं तर मी ओरडून सांगितलं असतं, नाही, इथं नाही, जालन्याच्या वाटेला शोध. पण माझी चांदी गप्पच बसली. देवाबद्दल तर मी आधीच बोलले आहे.

मग एका जत्रेत ती आली.

अभिषेकाचं पाणी फटीतून झिरपत होतं, आणि तेवढ्यात मी तो आवाज ऐकला. थोडा जाड झालेला, पण तोच. "आई."

घागर खाली आपटली.

"जालन्याला सरकी काढायच्या कारखान्यात, जिनात, कापूस निवडती मी," जगदेवी म्हणाली. "तितल्या बाया हितल्या जत्रंला येऊन गेलत्या. माघारी आल्यावर त्यायनी माझ्या कपाळाला अंगारा लावला. जगदेवीमायचा हाय म्हनल्या. माजाच अंगारा मला लावला, आई."

सारजाबाई, मन्मथअप्पांच्या दुकानाशेजारची, जवळच उभी असावी. ती कुणाला तरी म्हणाली, "आगं, ही तर जगीच." आणि गर्दी दगडाभोवती दाटली.

गुरुपाद लगबगीनं आला. त्याचं बोलणं अजून तसंच लोण्यातलं होतं. "कोन बाई हाय ही? गळ्यात लिंग न्हाई, काय न्हाई. येडी दिसायली. गंगाबाई, तुमची लेक समाधीत हाय. तुमीच डबी वळखली व्हती. सांगा लोकायला, ही कोन हाय?"

दगडाच्या आत मी श्वास रोखून धरला असता, जर मला श्वास असता. आई नाही म्हणाली असती तर जगदेवी खरोखर मेली असती. आणि हो म्हणायचं तर मान जाणार, दुकान जाणार, नवराही दुरावणार.

गंगासागरबाईची पावलं दूर गेली. पंगतीकडं. मला वाटलं, संपलं. मग सारजाबाईचा आवाज आला, "आगं बाई, पत्रावळ घेऊन आली की." ती परत आली, माझ्याच दगडाला टेकून बसली, आणि म्हणाली, "बस जगे. जेव."

"आई, माज्या गळ्यात लिंग न्हाई. तुज्या पत्रावळीवर कसं जेवू? लोक तुला बी वाळीत टाकतील."

"टाकू दे. एकदा तुला माघारी धाडली. आता न्हाई."

गव्हाची खीर होती. दोघी एका पत्रावळीवर जेवल्या, सगळ्या पंचक्रोशीपुढं. मन्मथअप्पा गर्दीतच होते म्हणतात. ते पुढं आले नाहीत.

जेवण झाल्यावर एक तळहात माझ्या दगडावर टेकला. दगड वीतभर जाड आहे, तरी तो हात कुणाचा हे मला कळलं.

"डबी हाय का गं आत आजून?" जगदेवीनं विचारलं.

"असंल. काढायला लावू का?"

तिनं हात उचलला. "राहू दे," म्हणाली.

मग दोघींची पावलं निघाली, जालन्याच्या वाटेनं. गंगासागरबाई पुन्हा सिरसाळ्याला आली नाही.

तुम्हाला वाटेल, आता तरी दगड निघाला असेल. छे हो. संध्याकाळच्या आरतीला महाराज त्याच गोड आवाजात बोलले, की आज जगदेवीमायनं साक्षात दर्शन दिलं, देह धरून आली, आईच्या पत्रावळीवर जेवली आणि आईला सोबत घेऊन गेली. लोक रडले. पुढच्या वर्षी जत्रा दुप्पट भरली. मी देवीला डोळ्यांनी पाहिलं, असं सारजाबाई अजून सांगते. पाहिलं तर होतंच तिनं.

आता माझी चांदी काळी पडली आहे. दुधापाण्यानं कड्या गंजल्यासारख्या झाल्या आहेत. दोरा कधीच कुजला. तुम्ही नवस बोलता, मी ऐकते. मला कुणाला लेकरू देता येत नाही. तुमच्याकडं एकच मागणं आहे. तुमची कुणी लेक अशीच अवेळी दारात आली आणि अडखळत काही सांगू लागली, तर हातातलं सूप खाली ठेवा. ती कुणाचं नाव घेते ते ऐकून घाबरू नका. ऐका. नंतर तिची समाधी बांधायची वेळ आणू नका.

आणि जालन्याला गेलात, आणि जिनात कापूस निवडणारी, गळा मोकळा असलेली एक बाई दिसली, तर तिला माझं काही सांगू नका. तिला मी परत नको आहे, ते बरोबरच आहे. नुसतं बघून या, तिच्या गळ्याखालचा तो खळगा अजून तसाच आहे का. मला तेवढं येऊन सांगा. ती राहू दे म्हणाली, म्हणून मी इथं राहिलेय.