लखमाच्या शिळेवरचं चित्र

"मोटारसायकल काढ, दोन्ही अंगांना वाघ काढ, आणि वर विमान," जोगाकाकाने तिसऱ्यांदा बजावलं. चितारी कोसाने चुन्याने पांढऱ्या केलेल्या शिळेपासून कुंचला दूर धरला आणि आयतीकडे पाहिलं. शिळा तिच्या बापाची होती. लखमा पोयाम वारल्याला महिना झाला होता.

दंतेवाड्याच्या रस्त्याकडेला पोयाम कुळातल्या मेलेल्यांच्या शिळा ओळीने उभ्या होत्या. गेलेल्याने जे वापरलं, ज्याची हौस धरली, ते शिळेवर उतरायचं. पतवंडांना पूर्वज कळायचा तो तेवढाच. म्हणूनच आयती जगदलपूरच्या शाळेतून रजा काढून चार दिवस इथे बसून होती. चित्र चुकलं की बाप कायमचा चुकीचा उरणार होता.

"बाबांना सायकलसुद्धा येत नव्हती, काका."

"येत होती. डुकरांच्या खुराड्यात जाऊन थांबली, एवढंच." कोसा हसला, काका हसला नाही. "सगळे आजे-पणजे काही ना काही घेऊन गेलेत. माझा भाऊ रिकाम्या हाताने त्यांच्यात बसेल?"

लखमाने एकतीस वर्षं सरकारी हिवताप खात्यात काढली. पाड्यापाड्याने पायी जायचं, तापकऱ्याच्या बोटाला टोचून काचपट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा, दवाखान्यात पोचवायचा आणि गोळ्या घेऊन तीच वाट परत तुडवायची. आयतीच्या सांगण्यावरून कोसाने सकाळी कोळशाने माणूस आणि खांद्यावरची पेटी काढून पाहिली होती. काका म्हणाला, हा तर बांगड्या विकणारा दिसतो. खरंच तसा दिसत होता. तिला पुढे काही सुचेना.

पलीकडच्या पाड्यावरची हुंगी सल्फीच्या ताडीचं मडकं घेऊन आली. मडकं उतरवून ती त्या रेघांकडे बराच वेळ पाहत राहिली.

"याचं बोट कुठाय?"

"कसलं बोट, मावशी?"

"तुला नाही सांगितलं त्यानं? माझी चारही पोरं सुई दिसली की रानात पळायची. लखमा आधी आपल्याच बोटाला टोचायचा, रक्त दाखवून हसायचा, मग पोरासाठी नवी सुई काढायचा. दर पोरामागे एकदा."

बापाला शेवटची आंघोळ घालताना ते बोट आयतीच्या हाताला लागलं होतं. टोक दगडासारखं टणक. कुऱ्हाडीचा घट्टा असेल, असं समजून तिने त्याचा हात खाली ठेवला होता.

मग कोसाने ओल्या फडक्याने कोळशाचा माणूस पुसला आणि शिळेच्या तळापासून माथ्यापर्यंत एक उघडा पंजा रेखला. पंजा रंगवून झाल्यावर त्या बोटाच्या टोकाला लाल ठिपका दिला.

"वाघ कुठे बसवू?" त्याने काकाला विचारलं.

"राहू दे." काका शिळेजवळ सरकला. "ते बोट जरा वाकडं कर. लहानपणी माझ्याच हातून दारात चेमटलं होतं."

कोसाने बोट वाकडं केलं. दुपारी शिळेच्या कार्याला आलेले पाहुणे जेवायला बसले, तरी काका शिळेपाशीच होता. ओल्या रंगावर माशा बसू नयेत म्हणून तो पळसाच्या डहाळीने वारा घालत होता.