न ऐकता वर गेलेली बोटं

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा आणि दोन्ही कानांवर तळवे घट्ट दाबून धरा. बाहेरचा गलका गेला ना? आता कल्पना करा, की ते तळवे तुमचे नाहीत, माझे आहेत. असेच बसा. मला तुम्हांला माझी गोष्ट सांगायची आहे.

मी एक जुना हेडफोन आहे. माझ्या कानांवरच्या गाद्यांची साल निघाली आहे आणि वायरीला दोन ठिकाणी चिकटपट्टी आहे. पण आवाज अजून खणखणीत आहे, बरं का!

माझा जन्म कारखान्यातला. तिथे एक तपासनीस बाई होत्या. आम्हां प्रत्येकाला त्या स्वतःच्या कानाला लावत आणि सूर अगदी खालपासून वरपर्यंत ऐकत. घाई करणाऱ्या पोरींना म्हणत, "अगं, अर्धं ऐकून पास केलंस तर अर्धाच हेडफोन विकशील का?" मी त्यांच्या हातून पास झालो, याचा मला आजही अभिमान वाटतो.

पुढची अकरा वर्षं मी कान तपासण्याच्या एका लहानशा खोलीत काढली. तिथली तपासणी करणारी म्हणजे भिंगरीची आत्या. ही भिंगरी कोण, ते पुढे येईलच. माणूस काचेपलीकडे बसे, मी त्याच्या डोक्यावर. आत्या बारीकसा आवाज पाठवी. आवाज आला की माणसाने बोट वर करायचं, एवढंच काम. पण मित्रांनो, माणसं मोठी गमतीची असतात. कमी ऐकू येतं हे कबूल करायला त्यांना लाज वाटते. मग ती अंदाजानेच बोट वर करतात. आत्या काय कमी? ती मध्येच आवाज पाठवणं बंद करी आणि नुसती बघत राही. बोट वर गेलं की हसून म्हणे, "काका, आत्ता काय ऐकलंत? मी तर काहीच वाजवलं नाही!"

नवं यंत्र आलं आणि मी कपाटात गेलो. पण आत्याने मला टाकून दिलं नाही. वायरीला नवी पिन बसवून घेतली आणि मला आपल्या भाचीला देऊन टाकलं.

तेरा वर्षांची ही भाची एका जागी बसेल तर शपथ, म्हणून घरात तिला सगळे भिंगरी म्हणत. पण मला कानांवर चढवलं की ती तासन्‌तास हलत नसे. लिफ्टचं दार, वॉशिंग मशीनची घरघर, गळका नळ असे आवाज ती फोनवर टिपून आणी आणि संगणकावर ताणून, उलटवून, एकमेकांत मिसळून त्यांचं संगीत करी. त्याला ना चाल, ना ताल.

"मिक्सर बिघडलाय का गं?" बाबा बाहेरून विचारत.

"बाबा, ते माझं संगीत आहे!"

"अरेरे, मिक्सर असता तर दुरुस्त तरी करता आला असता."

घरात थट्टा झाली की तिचं तोंड एवढंसं होई. हे संगीत खरंच आहे, असं कुणीतरी ऐकून सांगावं, एवढीच तिची इच्छा होती. म्हणून ती इंटरनेटवरच्या 'उघडे कान' नावाच्या मंडळात गेली. असलं प्रयोगाचं संगीत करणारी माणसं तिथे आपल्या रचना ठेवत आणि एकमेकांना मत देत. नियम एकच होता, आपली रचना ठेवण्याआधी दुसऱ्यांच्या तीन ऐकायच्या. भिंगरी तीनच्या जागी सहा ऐकायची, आणि नुसतं 'छान' कधी लिहायची नाही. 'चौथ्या मिनिटाला शिट्टी येते तिथे मी दचकले, पण नंतर ती फार वेळ राहिली,' असं लिहायची. मंडळात 'घुबड' या नावाचे एक जुने सभासद होते. त्यांची प्रत्येक रचना तिने माझ्यातून दोनदा तरी ऐकली होती. तेही तिच्या प्रत्येक रचनेखाली लिहीत, 'शेवटपर्यंत ऐकलं. डोळे भरून आले.' ते वाक्य तिने वहीच्या पहिल्या पानावर उतरवून ठेवलं होतं.

मग तिने दीड महिना खपून 'लिफ्टचा श्वास' ही रचना केली. सोबत टीप लिहिली, 'लिफ्टच्या दाराचा खडखडाट हळूहळू श्वास होतो.' दुसऱ्याच दिवशी तिला चाळीस शाबासक्या मिळाल्या होत्या. घुबडांनी लिहिलं, 'दाराचा तो खडखडाट! शेवटचा श्वास तर काळजात घुसला.' फक्त 'टाचणी' नावाच्या एका नव्या मुलीने लिहिलं होतं, 'मला काहीच ऐकू आलं नाही. माझं काही चुकतंय का?'

"मठ्ठच आहे!" भिंगरी म्हणाली आणि तिने उत्तर ठोकून दिलं, 'आधी आपला हेडफोन तपासा.' त्याखाली लगेच हसणाऱ्यांची रांग लागली.

रविवारी सकाळी आत्या आली. "बस इथे," भिंगरीने मला तिच्या डोक्यावर चढवलं. "श्वास ऐकू आला की बोट वर कर हं."

आत्या बसली. एक मिनिट गेलं, मग दोन, मग पाच. आत्याचं बोट काही हललं नाही.

"भिंगरे, माझीच युक्ती माझ्यावर? यात काही वाजतच नाहीये."

"हा मेला बिघडलाय!" असं म्हणत भिंगरीने मला ओढून पलंगावर फेकलं. मित्रांनो, इतक्या वर्षांत माझ्यावर असा आळ कुणी घेतला नव्हता. आत्याने मला उचललं आणि दुसरं गाणं लावलं. मी स्वच्छ वाजलो. मग भिंगरीने फाइल उघडून पाहिली. शेवटची तपासणी करताना तिने एकेक करत सगळे आवाज बंद केले होते, ते पुन्हा चालू करायचे राहिले आणि तशीच फाइल मंडळावर चढवली होती. ती पाच मिनिटांची निव्वळ शांतता होती.

म्हणजे त्या चाळीस जणांनी फक्त टीप वाचली होती.

तिने घुबडांना विचारलं, 'तुम्ही खरंच ऐकलंत?' उत्तर आलं, 'बाळ, एवढं सगळं कोण ऐकतं? छान म्हटलं की पोरं खूश होतात. तुझी आधीची तरी कुठे ऐकली होती?'

भिंगरी रडली नाही. तिने वहीचं पहिलं पान फाडलं, मला खणात टाकलं आणि खण लावून घेतला. संपलेले सेल आणि हरवलेल्या कुलपांच्या किल्ल्या यांच्यात मी दोन महिने पडून होतो. फसवलं दुसऱ्यांनी आणि शिक्षा मला! बाहेर संगणक लागल्याचं कळे. मंडळावर ती आताही जाई. एकही रचना न ऐकता पटापट 'छान' लिहून मोकळी होई. कळांचा तो टकटकाट मला खणात ऐकू येई, आणि फार लागे.

मित्रांनो, आम्हां हेडफोनांना धुळीपासून जपा, वायर ओढू नका, हे तर मी सांगेनच. पण त्याहून मोठी विनंती अशी, की ऐकलं नसेल तर बोट वर करू नका.

एका दुपारी कळांचा टकटकाट मध्येच थांबला. भिंगरी टाचणीचा एक निरोप मोठ्याने वाचू लागली. "ताई, मी घरातले तिन्ही हेडफोन लावून पाहिले. तुमचा श्वास अजून ऐकू येत नाही. उद्या आई मला कान तपासायला नेणार आहे."

खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला.

मग खण उघडला. भिंगरीने माझ्यावरची धूळ फ्रॉकने पुसली. 'तुझे कान उत्तम आहेत. त्या सगळ्यांत एकटी तूच ऐकत होतीस. चूक माझी होती, आणि तुला हसले ही त्याहून मोठी चूक,' असं तिने सगळ्यांना दिसेल असं लिहिलं. मग तिने टाचणीची रचना शोधली. तिच्याखाली एकही मत नव्हतं. भिंगरीने मला कानांवर नीट बसवलं आणि डोळे मिटले. सुरुवातीला नुसती खरखर होती. तिसऱ्या मिनिटाला, फार दुरून, शिवणयंत्रासारखं काहीतरी चालू लागलं.

भिंगरीने बोट वर केलं.